वडीलधाऱ्यांचे घर आणि मराठी आत्मकथन

‘वडीलधाऱ्यांच्या सहवासात संस्कार होतात’ हे विधान शाळेतल्या निबंधापासून श्रद्धांजलीच्या भाषणापर्यंत आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यात तपासण्यासारखे काही असेल असे सहसा कुणाला वाटत नाही. घरात आजी-आजोबा असावेत, त्यांच्या मांडीवर गोष्टी ऐकाव्यात, त्यांच्याकडून जगण्याचे धडे घ्यावेत, हे सारे मान्यच आहे. प्रश्न असा की हे धडे नेमके कोणते होते, ते कोणी कोणाला दिले, आणि घेणाऱ्याने त्यांचे पुढे काय केले? मराठीत या प्रश्नाचे उत्तर शोधायला एक भक्कम साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे आत्मचरित्र. विशेषतः स्त्रियांची आणि दलितांची आत्मकथने. एकत्र राहणाऱ्या, वयाने मोठ्या नातलगांचा इतका बारकाईने घेतलेला कानोसा दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या लेखनात सापडत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही १९१० ते १९८६ या काळातली काही परिचित पुस्तके या एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने पुन्हा वाचू पाहतो. ही पुस्तके अभ्यासक्रमांत येतात, त्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात. पण ‘संस्कार’ या शब्दाची उलटतपासणी म्हणून ती क्वचितच वाचली जातात.

आरंभ त्या पुस्तकापासून करणे योग्य, ज्याने ‘संस्कार’ या शब्दाला मराठी घरांत आजचा अर्थ दिला. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. या पुस्तकाची रचनाच शिकवणीची आहे. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, आणि प्रत्येक रात्र एका धड्याशी येऊन थांबते. आई शिकवते, मुलगा शिकतो. देणारी जाणीवपूर्वक देते आणि घेणारा कृतज्ञतेने घेतो. वडीलधाऱ्यांकडून शिकणे म्हणजे काय, याची आपली कल्पना आजही बव्हंशी याच साच्याची आहे.

पण हे पुस्तकही सावकाश वाचले तर साचा तितका एकसंध राहत नाही. महार समाजातल्या एका म्हातारीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला सांगते, तो प्रसंग सर्वांच्या स्मरणात असतो. त्याच वेळी घरी आल्यावर आंघोळ कर असेही ती सांगते, हे मात्र बहुतेकांच्या स्मरणात नसते. एकाच आज्ञेत दोन धडे आहेत. एक करुणेचा, दुसरा विटाळाचा. दोन्ही एकाच प्रेमळ तोंडून, एकाच दमात आलेले. श्यामने त्यातला पहिला पुढे नेला. दुसरा त्याने सोडला, इतकेच नव्हे, तर १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. म्हणजे ज्याला आपण ‘संस्कार’ म्हणतो त्यात निवड आहे, आणि ती निवड वडीलधारे करीत नाहीत, धाकटे करतात. हा मुद्दा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. पुढची सर्व पुस्तके तो निरनिराळ्या रीतींनी सिद्ध करतात.

आता थोडे मागे जाऊ. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. रमाबाईंचा विवाह १८७३ मध्ये झाला. त्या अकरा वर्षांच्या, महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे. रानड्यांनी विधवेशी विवाह करावा असे सुधारकांना वाटत होते. तो तसे करील या धास्तीने वडिलांनी घाईने हे लग्न ठरवले. निरक्षर मुलगी घरात आली आणि पतीने तिला शिकवायला सुरुवात केली. येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते त्या घरातल्या वडील स्त्रियांकडे: सासूबाई, विधवा नणंद आणि आश्रयाला असलेल्या इतर नातलग बायका. मुलीने पाटी हातात धरली की त्यांचा रोष सुरू होई. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, त्यांच्या सभांना ही सून जाऊ लागली, तेव्हा तर टोमणे, अबोला, सोवळ्याच्या कामापासून दूर ठेवणे हे सारे प्रकार झाले. पती सांगत, सहन कर, उलट बोलू नकोस, शिकणे सोडू नकोस.

या स्त्रियांना खलनायिका ठरवणे सोपे आहे. दूरदर्शन मालिकांनी ते सोपे करूनही टाकले आहे. रमाबाई मात्र तसे करीत नाहीत. त्यांच्या लेखनात राग आहे, पण निंदा नाही; आणि त्याचे कारण केवळ शालीनता नव्हे, असे आम्हांला वाटते. त्या घरातल्या वडील स्त्रियांच्या हाती सत्ता कोणती होती? पैसा नव्हता, अक्षर नव्हते, घराबाहेर जाण्याची मोकळीक नव्हती. होते ते एक स्वयंपाकघर, एक देवघर आणि सोवळ्याओवळ्याचे नियम. सून वाचू लागली की या तिन्हींचे महत्त्व उणे होत होते. नवे ज्ञान त्यांना मिळणार नव्हते, जुने मात्र निकामी ठरणार होते. अशा वेळी त्यांनी विरोध केला नसता तरच नवल. रमाबाईंनी या घरात राहून जे शिकून घेतले ते या स्त्रियांनी शिकवायला घेतलेल्या गोष्टींपेक्षा वेगळे होते. बाईला कशाची भीती वाटते, ती कोठे अडते, तिचा मान कोठे राखला तर ती दार उघडते, हे ज्ञान पुस्तकातून येणारे नव्हते. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि विधवा, प्रौढ, परित्यक्ता स्त्रिया शिकण्यासाठी व परिचारिकेचे काम करण्यासाठी तेथे येऊ लागल्या. त्या साऱ्या अशाच घरांतून येत होत्या. त्या घरांचा अंतर्भाग रमाबाईंना ठाऊक होता. तो त्यांना ठाऊक असण्याचे श्रेय, विचित्र वाटले तरी, त्यांना छळणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांनाही जाते.

अर्थात या सहनशीलतेची किंमतही मोजली पाहिजे. जाणत्या सुधारकाने वडील स्त्रियांना आवरण्याऐवजी कोवळ्या पत्नीला सोसायला सांगितले, हे आजच्या वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही. रमाबाई स्वतः ते पतीच्या थोरवीत जमा करतात. पुस्तकभर त्या पतीचे नाव घेत नाहीत, ‘स्वतः’ एवढेच म्हणतात. कॅथरीन गेट्स यांच्या १९३८ च्या इंग्रजी भाषांतराने याच शब्दावरून आपले शीर्षक घेतले. ज्या घरात थोरल्याचे नाव उच्चारता येत नाही, त्या घराबद्दल लिहिताना काय बोलायचे राहून जाते, हा प्रश्न रमाबाईंच्या वाचकाने सतत जवळ बाळगावा लागतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. म्हणजे ‘श्यामची आई’ आणि ‘स्मृतिचित्रे’ ही पुस्तके एकाच दोन-तीन वर्षांतली. वडीलधाऱ्यांचे घर या विषयावर इतकी परस्परविरुद्ध पुस्तके एकाच वेळी निघावीत, हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला एक अर्थपूर्ण योगायोग आहे. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाचा आरंभच वडिलांच्या, म्हणजे नाना गोखल्यांच्या सोवळ्याने होतो. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी दिले गेले. त्या धक्क्याने नानांचे सोवळे विकोपाला गेले. बाजारातून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुऊन घेतल्यावाचून घरात येत नसे. घरातल्या बायकामुलांचे त्यात किती हाल झाले हे लक्ष्मीबाई सांगतात, आणि सांगताना वाचकाला हसवतात.

हे हसू तपासून पाहण्याजोगे आहे. लक्ष्मीबाई वडिलांची टवाळी करीत नाहीत. त्या सोवळ्याचा उगम सांगतात. साम्राज्याने एका कुटुंबातला कर्ता माणूस उचलून नेला, फासावर दिला. त्या भयाला उत्तर देण्याची कोणतीही वाट त्या घराला उपलब्ध नव्हती. मग ते भय पाण्याने धुण्याचा प्रयत्न सुरू झाला. इतिहासाच्या ग्रंथांत १८५७ म्हणजे लढाया, तह आणि तारखा. येथे १८५७ म्हणजे धुऊन विरघळलेले मीठ. राजकीय दहशत घराच्या चौकटीत शिरली की तिचे रूपांतर कसल्या कर्मकांडात होते, हे सांगणारा याहून नेमका पुरावा आम्हांला आठवत नाही. वडिलांनी मुलीला शुद्धी शिकवली. मुलीने त्यांच्याकडून शिकून घेतले ते असे की माणसाचा धर्म पुष्कळदा त्याच्या भीतीचा आकार घेतो.

पण हे समजले म्हणून सोवळे सुटले असे झाले नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे नातलगांकडे वेगळ्या राहिल्या. पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. ज्या सोवळ्याने बालपण गांजून गेले तेच त्यांनी इतकी वर्षे सांभाळले. माणसांत उच्चनीचता देवाने केलेली नाही, ती माणसाची करणी आहे, असा विचार मनात पक्का झाल्यावर त्यांनी ते सोडले, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. वडीलधाऱ्यांकडून आलेली सवय बुद्धीला पटेनाशी झाल्यावरही हाताला सुटत नाही, हे लक्ष्मीबाईंनी लपवले नाही. ‘नव्या पिढीने जुने टाकून दिले’ अशी वाक्ये लिहिणाऱ्या इतिहासकारांनी हा भाग पुन्हा वाचावा.

कर्वे घराण्याकडे वळल्यावर प्रश्नाला आणखी एक बाजू फुटते. येथे वडीलधारा माणूस जुन्या मताचा नाही. तो स्वतःच सुधारक आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. विवाहानंतर त्या आनंदीबाई, आणि घरात ‘बाया’. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. १९५८ मध्ये, वयाची शंभर वर्षे पुरी होत असताना, कर्व्यांना भारतरत्न मिळाले. असा वडीलधारा घरात असणे म्हणजे केवढे भाग्य, असे कोणीही म्हणेल. त्या घरात राहिलेल्या बायकांनी मात्र याचे दोन स्वतंत्र हिशेब लिहून ठेवले आहेत.

पहिला हिशेब बायांचा. ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या, आणि त्याचे संपादन केले त्यांची सून कावेरी कर्वे यांनी. मिळकत संस्थेला जाते, वेळ संस्थेला जातो, घर कसे चालते हे पाहायला मात्र एकच माणूस उरते, ही या पुस्तकातली तक्रार आहे. ती मोकळेपणाने, ठसक्यात, स्वतःची कीव न करता केलेली आहे. दुसरा हिशेब इरावती कर्वे यांचा. ‘भारतातील नातेसंबंधांची रचना’ या विषयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये निघाला आणि समाजशास्त्रात मान्यता पावला. नात्यांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या या विदुषीने सासऱ्यांवर एक लेख लिहिला. दिनकर कर्वे यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मण कुटुंबांवरच्या १९६३ च्या आपल्या इंग्रजी संकलनात तो समाविष्ट केला आहे. त्यात सासऱ्यांच्या निःस्वार्थीपणाविषयी आदर आहे, आणि त्या निःस्वार्थीपणाचा भार घरच्यांवर कसा पडला याची स्पष्ट नोंदही आहे. अशा माणसाची सून होणे हे आपले भाग्य, पण पत्नी झालो नाही हे त्याहून मोठे भाग्य, अशा आशयाचा त्यांचा अभिप्राय प्रसिद्धच आहे.

या अभिप्रायातला विनोद सर्वांच्या ध्यानात येतो. त्यामागचे शिक्षण सहसा येत नाही. सून ही घरात बाहेरून येते. थोरल्यांच्या थोरवीची सवय तिच्या डोळ्यांना लहानपणापासून झालेली नसते. रक्ताच्या मुलांना वडिलांविषयी जे बोलणे जड जाते ते सुनेला दिसते, आणि पुष्कळ वर्षे एकाच घरात राहिल्याने ते न्यायाने मांडण्याइतकी माहितीही तिच्याजवळ असते. बायांचे ‘पुराण’ एका सुनेने संपादित करावे आणि अण्णासाहेबांचे सर्वांत समतोल शब्दचित्र दुसऱ्या सुनेने लिहावे, हा आम्हांला निव्वळ योगायोग वाटत नाही. मराठी घराचा इतिहास लिहिण्यात सुनांचा वाटा किती, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय होऊ शकेल. रमाबाई रानडे सून होत्या. लक्ष्मीबाईंनीही विक्षिप्त आणि कठोर सासऱ्यांचे चित्र सुनेच्या नजरेने रेखाटले आहे. इरावतीबाईंनी या साऱ्याचा शेवट ‘परिपूर्ती’ या ललितलेखात वेगळ्याच ठिकाणी नेला. अमक्याची मुलगी, तमक्याची सून, तमक्याची पत्नी अशी ओळख ऐकून जे अपुरे वाटत होते, ते रस्त्यातल्या पोरांनी ‘आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई’ म्हणून ओळखल्यावर पुरे झाले. त्या लेखाकडे मातृत्वाचा गौरव म्हणून पाहिले जाते. आमच्या मते त्यात आणखी एक बारीक सूचना आहे: थोरल्यांच्या नावाखाली दीर्घकाळ राहिलेल्या माणसाला धाकट्याच्या नावाने ओळखले जाणे हा मोकळा श्वास वाटू शकतो.

आतापर्यंतची घरे ब्राह्मणांची होती. तेथे वडीलधाऱ्यांची सत्ता कितीही जाचक असली तरी तिच्यामागे एक वारसा होता. टाकायला का होईना, काहीतरी हाती येत होते. ज्या घरांना गावाने काही मालकीचे राहूच दिले नाही, तेथे थोरल्यांकडून काय मिळत होते?

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून येऊ लागले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूप झाले. त्यांचे बालपण वीरगावला आजोळी गेले. महारवाड्यातले सण, अंगात येणे, उपासमार आणि हसणेखिदळणे यांचे जे चित्र त्या काढतात त्यात ‘मी’ फार थोडा आहे. शीर्षकातला ‘आमुचं’ हा शब्द शब्दशः खरा आहे. या पुस्तकातली सर्वांत भेदक पाने सासवांवरची आहेत. आठ-नऊ वर्षांच्या पोरींना पहाटेच्या आधी उठवून दळायला बसवणे, भाकरी नीट थापली नाही म्हणून छळणे, आणि पळून जाण्याचा प्रयत्न केलेल्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवणे. लेखिका हे सांगून थांबत नाही, कारणही देते. गावाने ज्यांना गुलाम केले त्या बायकांना सत्ता गाजवायला सुनेखेरीज कोणी नव्हते. आणि त्या सासवा स्वतःही कधीकाळी अशाच छळलेल्या सुना होत्या.

रानड्यांच्या वाड्यातल्या वडील स्त्रिया आणि वीरगावच्या महारवाड्यातल्या सासवा यांच्यामध्ये जातीची अख्खी उतरंड आहे. दोन्हींकडचे दुःख सारखे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाटीवरून टोमणे खाणे आणि पायात खोडा पडणे यांतले अंतर मोठे आहे. तरीही कारणाची जात एकच आहे. ज्यांच्या हाती दुसरी कोणतीच सत्ता नाही अशी थोरली बाई धाकट्या बाईवर सत्ता चालवते, आणि तिलाच ‘वळण लावणे’ असे नाव देते. ‘संस्कार’ या शब्दाचा इतिहास लिहायचा तर ‘वळण’ या शब्दाचाही लिहावा लागेल.

मग महारवाड्यातले हे चक्र थांबले कसे? बेबी कांबळे सांगतात ते उत्तर असे की घराबाहेरून एक आवाज आला. मुलांना शिकवा, मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे म्हणणे जेजुरीच्या सभेत त्या वस्तीतल्या बायकांच्या कानी पडले. ऐकून घरी आलेल्या याच बायका पोरांना शाळेत घालण्यासाठी उभ्या राहिल्या. याचा अर्थ वडीलधारेही शिकतात. पिढ्यांच्या गोष्टीत आपण शिकण्याची दिशा नेहमी वरून खाली धरतो. या पुस्तकात प्रौढ आणि वृद्ध बायका आपले शिकवणे बदलतात, आणि त्या बदलाचा लाभ झालेली एक मुलगी पुढे फलटणला दुकान चालवता चालवता, घरच्यांपासून लपवून, हे सारे लिहून काढते.

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ चे. त्या वेळी लेखक अठ्ठावीस वर्षांचा होता. आतापर्यंतच्या सर्व लेखिकांहून कितीतरी लहान. बापाचे नाव न मिळालेला हा मुलगा आजीपाशी, संतामायपाशी वाढला. घरात एक ‘दादा’ होते. ते मुसलमान, संतामायबरोबर राहणारे, एसटी स्थानकावर हमाली करणारे. रक्ताने आजोबा नव्हेत, धर्माने वेगळे, कायद्याने कोणीच नव्हेत. आणि तरीही या पोरावर आजोबाची माया करणारे. ज्या समाजाने जन्मावरून लेखकाला ‘अक्करमाशी’ ठरवले, त्याच समाजात त्याने एकाच छपराखाली हे पाहिले की नाते जन्माने ठरतेच असे नाही. दादांनी याविषयी कधी प्रवचन केले असेल असे वाटत नाही. ते राहिले, कमावून आणले, पोराला जवळ घेतले. तेवढ्यावरून हे शिकता आले.

याच पुस्तकात शेणातून निघालेल्या ज्वारीचा प्रसंग आहे. संतामाय शेणातले दाणे वेचते, धुते, वाळवते, दळते. त्या पिठाची भाकरी ती स्वतः खाते. नातवाला चांगल्या पिठाची देते. नातवाला एकदा त्या भाकरीची चव समजते. भूक म्हणजे काय हे सांगणारी वर्णने मराठीत पुष्कळ आहेत. पण येथे भुकेपेक्षाही वाटणी महत्त्वाची आहे. दोन भाकऱ्यांपैकी कोणती कोणाच्या वाट्याला घालायची, एवढाच अधिकार त्या म्हातारीच्या हाती होता, आणि तो तिने असा वापरला. सासवांनी आपली इवलीशी सत्ता धाकट्यांवर चालवली, संतामायने तेवढीच सत्ता धाकट्यासाठी चालवली. परिस्थितीने माणूस क्रूर होतो हे खरे. सगळीच माणसे होत नाहीत हेही तितकेच खरे, आणि त्याची नोंद नातवानेच करून ठेवली.

या पुस्तकांच्या भाषेकडेही विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. रमाबाई छळणाऱ्या सासूबाईंविषयीही ‘म्हणाल्या’, ‘आल्या’ असेच लिहितात. आदरार्थी बहुवचन हे त्यांच्या वाक्यातून कधी सुटत नाही. राग त्या बहुवचनाच्या आतच मांडावा लागतो. लक्ष्मीबाई पतीला सरळ ‘टिळक’ म्हणतात, आणि त्या एका शब्दाने नवऱ्याकडे बरोबरीने पाहण्याची वाट मोकळी होते. लिंबाळ्यांच्या घरात आजी एकेरीत येते: संतामाय आली, संतामाय म्हणाली. तेथे एकेरी हा अनादर नव्हे, जवळीक आहे. सर्वनामे आणि क्रियापदांची रूपे यांवरून घरातली सत्ता कशी वाटली गेली होती ते कळते. मराठीला ही सोय आहे; आपल्या समीक्षेने तिचा पुरेसा उपयोग केलेला नाही.

दुसरी गोष्ट काळाची. रमाबाईंनी लिहिले ते वैधव्यात, चाळिशी उलटल्यावर. लक्ष्मीबाईंनी साठी उलटल्यावर. बायांनी ऐंशीच्या आसपास. म्हणजे वडीलधाऱ्यांविषयी लिहिताना या बायका स्वतः वडीलधाऱ्या झालेल्या होत्या. आपल्या सासूच्या वयाला पोचल्यावर सासूकडे पाहिले की तिचा जाच विसरता येत नाही, पण तिचे एकटेपणही नजरेआड करता येत नाही. या पुस्तकांतला समतोल हा बव्हंशी वयाचा आहे. ‘अक्करमाशी’त तो नाही, आणि नसणेच योग्य आहे, अठ्ठाविसाव्या वर्षी संताप हा प्रामाणिकपणाचा भाग असतो. आत्मकथनांची तुलना करताना लेखनकाळचे वय ध्यानात न घेता एकाला ‘संयत’ आणि दुसऱ्याला ‘आक्रस्ताळे’ म्हणण्याची सवय आपल्याकडे आहे. ती सोडायला हवी.

२००७ मध्ये आपल्या देशात आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा झाला. मुलांनी म्हाताऱ्या आईबापांना पोसावे हे आता कायद्याने सांगितले आहे. तसे सांगावे लागले याचे दुःख अनेकांनी व्यक्त केले, आणि एकत्र कुटुंब मोडल्याने संस्कार गेले, असा सूरही नेहमीप्रमाणे लागला. आम्ही वर पाहिलेली घरे एकत्रच होती. त्यांत विटाळ शिकवला गेला, पाटी हिसकावली गेली, सुनेच्या पायात खोडा घातला गेला. त्याच घरांत मोळी उचलून दिली गेली, परक्या पोराला आपला म्हटले गेले, चांगली भाकरी नातवाच्या ताटात वाढली गेली. जुन्या घराची आठवण काढताना यांपैकी एकच यादी वाचणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा आहे.

एकत्र राहण्याने लाभले ते असे की थोरला माणूस चोवीस तास डोळ्यांपुढे होता. सणाच्या दिवशी भेटणाऱ्या आजोबांचे आपल्याला मोठेपण दिसते. रोज भेटणाऱ्या आजोबांचे भय, हट्ट, कंजूषपणा, माया, सारेच दिसते. रमाबाई, लक्ष्मीबाई, बाया, इरावतीबाई, बेबीताई आणि लिंबाळे यांनी माणसाला संपूर्ण पाहून त्याच्याविषयी न्यायाने बोलण्याची जी रीत मराठीत आणली, ती या रोजच्या पाहण्यातून आली. शिक्षकांनी ही पुस्तके शिकवताना ‘यातून कोणता बोध मिळतो’ हा ठरलेला प्रश्न एकदा बाजूला ठेवावा, आणि त्याऐवजी विचारावे: या घरातल्या थोरल्यांनी जे शिकवले त्यातले लेखिकेने काय ठेवले, काय टाकले, आणि टाकताना तिला काय सोसावे लागले? विद्यार्थी उत्तरे पुस्तकातून देतील. पण ती शोधताना प्रत्येकजण मनातल्या मनात आपल्या घरातल्या माणसांकडेही वळून पाहील, असा आमचा विश्वास आहे.